एका शिपायासाठी एक्केचाळीस पत्रं

केरूकाका येणार हे कळल्यापासून उज्वला घरात कोणाशी धड बोलत नव्हती. रविवार असूनही सकाळी सातलाच तिने भाजी चिरायला घेतली आणि चिरता चिरता चैतालीला विचारलं, "शोध तू घेतलास. वडील अण्णांचे. मग त्या लोकांना कशाला बोलवायचं?"

"केरूआजोबांचेही ते सख्खे चुलते होते, आई."

"चुलते. गावात स्मारकाचा दगड उभा करताहेत. सैन्यात गेलेल्या अकरा जणांची नावं कोरणार. बाराव्याचं वगळलंय. आणि वगळा म्हणून कमिटीत कोण सांगतंय? सख्खा पुतण्या."

 चैताली सतरंजी झटकत होती. विलायतेहून फाईल येऊन बारा दिवस झाले होते, आणि या बारा दिवसांत पोरगी जेवताना मध्येच थांबायची, खिडकीबाहेर बघत राहायची. उज्वलाने दोनदा विचारलं होतं, काही वाईट निघालं का. "वाईट नाही," एवढंच ती म्हणाली होती. "पण एकदाच सांगेन. दोन्ही घरांसमोर."

आतल्या खोलीत अण्णा, तिचे सासरे, दाढी करत होते. पुंजाराम सहादू खातळे, वय त्र्याऐंशी, नोटांच्या छापखान्यातून निवृत्त. उज्वलाला आरशातला त्यांचा चेहरा दिसत होता. नेहमीसारखाच, घट्ट मिटलेला. वडिलांचा विषय निघाला की अण्णा असेच व्हायचे.

सहादू खातळे १९४० साली मराठा पलटणीत भरती झाला, तेव्हा लंकाबाईला दिवसही गेले नव्हते. पुढच्या वसंतात तो बोटीत बसला, श्रावणात अण्णा जन्मले. त्याच्या पुढच्या वर्षी वाळवंटातल्या लढाईत तो इटालियन लोकांच्या हाती सापडला. कैद्यांच्या छावणीतून दोन कार्डं आली, आणि मग काहीच आलं नाही. मेल्याचा कागद नाही, जिवंत असल्याचा नाही. गावाने मात्र आपल्या मनाने ठरवून टाकलं की सहादू पळाला आणि तिकडे एका गोऱ्या बाईच्या घरात राहिला. लंकाबाई एकोणिसाव्या वर्षापासून एकाहत्तराव्या वर्षापर्यंत कुंकू लावत राहिली. हळदीकुंकवाला तिला बोलावणं जायचं, पण ओटी भरताना बायका एकमेकींकडे बघायच्या. शाळेत अण्णांना 'पळपुट्याचा पुंजा' म्हणत. विसाव्या वर्षी नाशिक रोडला नोकरी लागली तशी त्यांनी आईला आणलं, आणि गावाकडे जाणं लग्नकार्यापुरतं ठेवलं.

दहाच्या सुमाराला रिक्षा थांबली. केरूकाका पुढे आणि मागे लताकाकू, डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं, हातात नागलीच्या पापडांची पिशवी. काका बाहेरच्या खोलीत टेकले. काकू सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि उज्वलाच्या हातातली परात ओढून कणीक मळायला बसल्या.

"राहू द्या, काकू."

"मळू दे गं. हाताला काम लागतं मला." मग त्यांनी आवाज उतरवला. "उज्वला, ह्यांना आठ दिस झाले झोप नाय. तुझ्या पोरीचा फोन आल्यापासून. पोटात काय तरी हाय त्यांच्या, मला पन सांगत नाय. आज बाहेर पडलं तर लय बरं व्हईल."

उज्वला त्यांच्याकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांत या बाईने तिच्याशी कधी मनातलं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

*

केरूला वाटलं होतं, एखादा कागद असेल. फार तर दोन. सरकारी शिक्का, चार ओळी, खाली सही. तेवढ्याची तयारी करून तो आला होता.

पण पोरगी थांबेचना. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एकेक कागद ती सतरंजीवर मांडत गेली. एक ओळ भरली, दुसरी भरली, तिसरीसाठी टीपॉय सरकवावा लागला. केरूने पाय वर घेतले. खुर्चीतून वाकून तो बघत होता. टाइप केलेली इंग्रजी पत्रं, कडेला शाईने लिहिलेले शेरे, गोल शिक्के, तारखा.

"मोजले तर एक्केचाळीस आहेत," चैताली म्हणाली. "विलायतेतल्या एका दफ्तरात ही फाईल पडून होती. पणजोबांचा शिपाई नंबर घेऊन मी अडीच वर्षं पत्रं लिहीत होते. आधी तीन ठिकाणांहून 'नाही' आलं. चौथ्या ठिकाणी एका बाईंनी नंबर उलटसुलट करून पाहिला. दोन आकडे अदलाबदल होऊन लागलेले होते."

"हे समदं सहादूचंच?" केरूने विचारलं.

"सगळं. हे कैरोहून दिल्लीला, हा शिपाई कैद्यांच्या यादीत सापडत नाही म्हणून. हे दिल्लीहून जिनिव्हाला, रेड क्रॉसकडे. हे त्यांचं उत्तर. इथून रोम. हे रोमहून डोंगरातल्या एका लष्करी ठाण्याला. आणि ही बघा, ही एकच सही चौदा पत्रांवर आहे. कुणी इंग्रज कॅप्टन. नाव मला अजून लागलेलं नाही, सही फार वेडीवाकडी आहे. पण दर महिन्याला तो विचारतोय. या माणसाचं काय झालं? अजून उत्तर का नाही? एकदा तर त्याने वरिष्ठांना लिहिलंय, की याच्या घरी कोणीतरी वाट बघत असेल, तेव्हा फाईल बंद करायला माझी संमती नाही."

 केरूने अकरावं पत्र उचललं. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण खातळे हे आडनाव त्याने अक्षरं जुळवत ओळखलं. आपल्या वाडीचं, भाताच्या चार खाचरांमागचं, घोटीच्या बाजारापलीकडे कोणाला ठाऊक नसलेलं आडनाव. ते कैरोत कोणीतरी टाइप केलं होतं. मग रोममध्ये.

"एवढी लढाई चालू असताना?" त्याने विचारलं. "लाखानं मानसं मरत व्हती म्हंत्यात."

"हो, आजोबा. तरीसुद्धा."

केरूने कागद होता तिथे, त्याच कोनात ठेवला. चैताली सांगत गेली. सप्टेंबर त्रेचाळीसमध्ये इटलीने शरणागती पत्करली. एका सकाळी छावणीवरचे पहारेकरी निघून गेले आणि फाटक उघडं राहिलं. जर्मन पोचायच्या आत हजारो कैदी डोंगरात पसरले. सहादूबरोबर गढवालचा एक शिपाई होता, तापाने फणफणलेला. तीन रात्री चालून ते डोंगरावरच्या एका लहान गावात पोचले. "तिथे अस्सुंता नावाची एक बाई होती. नवरा लढाईत गेलेला, मेंढ्या पाळायची. तिने दोघांना घरात घेतलं."

 बाईचं नाव आलं होतं. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

"बाई व्हती म्हंजे," तो म्हणाला.

चैताली थांबली. स्वयंपाकघराच्या दारात लताबाई पिठाच्या हाताने उभी होती.

"दादा," केरू पुंजारामकडे वळला, पण त्याच्या डोळ्यांकडे बघणं त्याला जमेना. "माझ्या बापाला म्हाईत व्हतं. शेचाळीस साली कागद आला व्हता. मराठीत. मास्तरांनी वाचला. येका इटालियन बाईच्या घरात ऱ्हाणाऱ्या हिंदी शिपायाच्या डाव्या हातावर गोंदण हाय, तुमच्या भावाच्या हातावर व्हतं का, कळवावं. बापानं सांगितलं, नव्हतं. अंगठा दिला. मास्तरांच्या तोंडून की कुनाच्या, गावात बाईची गोष्ट झाली. बाप कुनाला काय बोलला नाय. मरायच्या आदल्या दिशी मला म्हनला, केरू, गोंदण नव्हतं हे देवाशपथ खरं. पन तोच आसंल, तर बाईच्या घरात बसला व्हता. मी लंकाला काय तोंडानं सांगू? म्हनून म्या त्याचं नाव काढायचं बंद केलं." त्याने रुमालाने तोंड पुसलं. "दगडावर नाव नको म्हनलो ते बापाचं ऐकून."

"अठ्ठ्याहत्तर वर्षं." उज्वला पुढे आली. "एक अंगठा दिला आणि फाईल बंद झाली. आजी बावन्न वर्षं दाराकडे बघत बसली, आणि तुमच्या घरात माहीत होतं."

"व्हय," केरू म्हणाला. 

"अहो, मला तरी सांगायचं," लताबाई म्हणाली. "मी त्या माउलीच्या पाया पडायला जात व्हते दर दिवाळीला."

"आई, थांब," चैताली म्हणाली. "केरूआजोबांच्या वडिलांनी, बहिरूपणजोबांनी, खोटं सांगितलं नव्हतं. हे बघ, त्यांचं उत्तर फाईलमध्ये आहे, तेहतिसावं. 'माझ्या भावाच्या अंगावर घर सोडतेवेळी गोंदण नव्हते.' ते खरं होतं. सहादूपणजोबांनी ते घर सोडल्यावर गोंदवून घेतलं, इजिप्तमध्ये. आणि ज्या कचेरीतून हा प्रश्न गावाला आला, तिथे कोणी गोंदणाचं चित्र पाहिलंच नव्हतं. त्यांच्याकडे नुसती एक ओळ गेली होती, की एका बाईच्या घरातल्या शिपायाच्या हातावर देशी अक्षरं आहेत. मूळ चित्र रोमच्या फाईलमध्येच राहिलं. ते हिंदुस्थानात आलंच नाही. आलं असतं, तर बहिरूपणजोबांनी ते एका क्षणात ओळखलं असतं."

केरूने मान वर केली. "कसलं चित्र?"

चैतालीने मांडलेल्या कागदांतला एक उचलला. तो तिने केरूला दिला नाही. उठून ती पुंजारामकडे गेली.

*

पुंजाराम छापखान्यात एकोणचाळीस वर्षं होता. कागद हातात आला की आधी कागद बघायचा, मजकूर नंतर, ही त्याची सवय. ही प्रत होती, तरी मूळ कागद कसा असेल ते त्याला दिसलं. शाळेच्या वहीतला, रेघांचा. घडीवर फाटत आलेला. शाई पातळ, बहुतेक पाणी घालून वाढवलेली.

कागदावर एक हात काढलेला होता. कोपरापासून मनगटापर्यंत, लहान मुलं काढतात तसा. हाताच्या आत तीन-चार आकृत्या. वर एक आडवी दोरी ओढल्यासारखी रेघ, आणि तिला टांगल्यासारखी खाली वळणं. एक ठिपका वेगळाच, गोल, काळजीपूर्वक काळा केलेला.

त्याने चष्मा पुसला. ज्या हाताने हे काढलं होतं, त्या हाताला ही अक्षरं आहेत की नक्षी, हे ठाऊक नव्हतं. पण त्या हाताने एकही वळण सोडलं नव्हतं. उकार होता. अनुस्वार होता. काना होता.

पुंजा.

त्याने पुन्हा वाचलं. बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखं.

आई सांगायची, तू झालास तेव्हा मास्तरांकडून पत्र लिहून घेतलं होतं. मुलगा झाला, नाव पुंजाराम ठेवलं. बोटीने गेलं असेल, पोचलं की नाही देव जाणे. पुंजाराम त्र्याऐंशी वर्षं असंच समजून चालला होता की पोचलं नाही. आपण या जगात आहोत हे त्या माणसाला कधी कळलंच नाही. आणि कळलं असेल, तर मग परत न येणं जास्तच वाईट.

"आजोबा," चैताली जमिनीवर, त्याच्या पायापाशी बसली होती. "अस्सुंताचं पत्र वाचू? इटलीतल्या एका शिक्षिकेकडून मी ते नीट लावून घेतलंय."

त्याने मान हलवली.

चैताली वाचू लागली. "आमच्या घरी एक हिंदी शिपाई होता. आम्ही त्याला सादू म्हणत होतो. तो आजारी सोबत्याला पाठीवर घेऊन आला. सोबती नोव्हेंबरात वारला. त्यानंतर माझा दीर सादूला डोंगरापलीकडे, तुमच्या फौजेपर्यंत नेऊन सोडायला तयार होता. पण बर्फ पडू लागला होता, मेंढ्या गाभण होत्या, आणि माझ्या घरात पुरुष माणूस नव्हतं. तो खुणेने म्हणाला, कोकरं होऊ दे, मग जातो.

"फेब्रुवारीत जर्मन आले. ज्या घरात कैदी सापडेल ते घर जाळायचे आणि घरच्यांना मारायचे. शेजारच्या गावात त्यांनी तसं केलं होतं. त्यांनी आम्हाला सगळ्यांना झऱ्यापाशी उभं केलं. सादू वर मेंढवाड्यात होता. तिथून त्याला आम्ही दिसत होतो. मागच्या वाटेने तो निघून जाऊ शकला असता. तो खाली आला. हात वर करून आला. त्याने मला ओळख दाखवली नाही, माझ्या मुलींकडेही पाहिलं नाही. रानात एकटाच राहतो, इथे कोणी मला भाकर देत नाही, असं तो आमच्या भाषेत मोठ्याने म्हणाला. तेवढी भाषा तो आमच्याच घरी शिकला होता. त्यांनी त्याला तिथेच गोळी घातली आणि ते निघून गेले. एकही घर जळलं नाही.

"मी त्याला धुतलं आणि माझ्या आईबापांशेजारी पुरलं. त्याच्या हातावर हे होतं. तो ते बोटाने दाखवायचा, नाव घ्यायचा, आणि मग हात जमिनीपासून एवढासा वर धरायचा. मला त्याची अक्षरं येत नाहीत. जशी होती तशी काढली आहेत. एकही रेघ चुकू नये म्हणून मी दिवा जवळ घेऊन बसले होते. हे मूल तुम्हाला कुठे सापडलं, तर हा कागद त्याला द्यावा."

चैतालीने पत्र मांडीवर ठेवलं. खाली कॉलनीत कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

लताबाई पुढे आली. पिठाचे हात तिने पदराला पुसले आणि पुंजारामच्या मांडीवरच्या त्या कागदाला हात जोडले. "बाई हायात आसंल का गं?" तिने विचारलं.

"नाही, आजी. पण त्या झऱ्याजवळ तिच्या धाकट्या मुलीचं घर आहे. ती नव्वदीला टेकलीय. तिला सादू आठवतो."

केरू उठून उभा राहिला होता. खिशातून फोन काढून त्याने एक नंबर लावला. "हॅलो, म्या केरू. पाथरवटाला सांग, उद्या हात लावू नको. नावं बारा हायेत. हां, सहादू भिका खातळे. का ते म्या आल्यावर सांगतो समद्या कमिटीला. सहादूचं पहिलं घ्यायचं."

"पहिलं नको," पुंजाराम म्हणाला. सकाळपासूनचे हे त्याचे पहिलेच शब्द होते. "भरतीच्या सालाप्रमाणे येऊ दे."

केरूने फोनवर तसं सांगितलं. मग तो पुंजारामच्या समोर आला आणि खाली वाकला. पायापर्यंत पोचायच्या आत पुंजारामने त्याचं मनगट धरलं आणि शेजारी बसवलं. दोघे म्हातारे तसेच बसून राहिले. उज्वला आत गेली. थोड्या वेळाने ती पाण्याचे पेले घेऊन आली आणि पहिला तिने केरूकाकांपुढे धरला.

चैताली सांगत होती. लढाईनंतर तिथल्या हिंदी शिपायांच्या अस्थी एका लष्करी दफनभूमीत हलवल्या. तिथे एका दगडावर लिहिलंय, हिंदी सैन्यातला शिपाई, नाव अज्ञात. फाईलमधला प्लॉट नंबर त्या दगडाशी जुळतो. या चित्रावरून नाव लावून घेता येईल. अर्ज करायचा, मग ते तपासणार, वर्ष दोन वर्षं जातील.

पुंजाराम ऐकत होता आणि नव्हता. आयुष्यभर त्याने बापाशी भांडण केलं होतं. मनातल्या मनात, छापखान्यात, बसमध्ये. त्या भांडणातला बाप नेहमी मोठा असायचा. करड्या मिशांचा, रुंद छातीचा, जाब विचारावा असा.

"वय काय होतं त्यांचं?" त्याने विचारलं. "तेव्हा?"

चैतालीने कागद पाहिला नाही. तिला पाठ होतं. "चोवीस."

"चोवीस." तो थांबला. "तू किती?"

"सत्तावीस, आजोबा."

तो तिच्याकडे पाहत राहिला. तिच्या कपाळावर आलेल्या केसांकडे, नख खाल्लेल्या अंगठ्याकडे. मग समोर मांडलेल्या त्या एक्केचाळीस कागदांकडे. "पोरगं होतं गं ते," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "आपल्यातलं धाकटं पोरगं."

 केरूने डोळ्यांना रुमाल लावला होता.

"डोंगरावर बर्फ होतं म्हणालीस," पुंजाराम म्हणाला. "त्याच्या अंगात काही होतं का? लिहिलंय?"

चैतालीने पत्राची दुसरी बाजू उलटली. बोट फिरवत ती खाली आली. "आहे. नवऱ्याचा लोकरीचा कोट दिला होता, असं लिहिलंय. त्याला तो मोठा व्हायचा. बाह्या दुमडून घालायचा."

पुंजारामने श्वास सोडला.

"बरं केलं तिनं," तो म्हणाला.